प्रदत्त मते : निरंक

रकाना १. मतदान केंद्राचे नाव

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, उंबरटेक. खोली क्रमांक एक.

"बाई, पूर्ण नाव सांगा."

"तारामती."

"पूर्ण."

"तारामती शेडगे."

"मधलं?"

बाईंनी पदर डोक्यावर पुढे ओढला आणि मतदान प्रतिनिधींच्या बाकाकडे बोट केलं. "त्ये काय, बसल्यात न्हवं. त्येंचं."

बाकावर दोघं होते. एक ज्ञानू सुतार, सत्तरीचे. गाव त्यांना ज्ञानूनाना म्हणत होतं. दुसरा समोरच्या पक्षाचा प्रतिनिधी, पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर टाचलेला पास. पासावर नाव : हरिश्चंद्र गणपत शेडगे. तो मान खाली घालून आपल्या यादीत काहीतरी शोधत होता.

"म्हणजे हरिश्चंद्र?" यादी घेऊन बसलेले आमचे आवळे म्हणाले.

"त्येच," बाई हळूच म्हणाल्या.

"आवळेसाहेब," ज्ञानूनाना म्हणाले, "नवऱ्याचं नाव घ्याय लावताय, मग उखाण्याची तयारी करा की. चार बायका बलवा, सुपारी फोडा."

बाहेर रांगेतल्या बाया हसल्या. आवळेही हसत हसत यादीवरून पट्टी खाली सरकवत होते. पट्टी थांबली. हसू थांबलं.

"साहेब," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तीनशे बारा. ह्यांचं झालंय. सकाळीच."

रकाना ३. मतदान केंद्राध्यक्षाचे नाव व हुद्दा

वामन सदाशिव पोतदार, चित्रकला शिक्षक.

तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. मतदानाची यंत्रं यायची होती, मतदारांची फोटोची ओळखपत्रं यायची होती. लोखंडी पेटी, कागदी मतपत्रिका, फुलीचा रबरी शिक्का. केंद्राध्यक्ष म्हणून ती माझी पहिलीच निवडणूक. केंद्राध्यक्षाला दिवसभरात एक छापील नमुना भरावा लागतो, त्याला दैनंदिनी म्हणतात. तीत रकाने असतात. कोणताही रकाना मोकळा सोडायचा नाही. जिथे सांगण्यासारखं काही घडलं नाही तिथे लिहायचं : निरंक.

प्रशिक्षणात एक जाडजूड अधिकारी माइक धरून म्हणाले होते, "गुरुजी, निवडणुकीतला सगळ्यात गोड शब्द कुठला? निरंक. जितके निरंक जास्त, तितके तुम्ही लवकर घरी."

माझं अक्षर चांगलं. फळ्यावरचे सुविचार, बक्षीस समारंभाची प्रमाणपत्रं, सगळं माझ्याकडेच यायचं. निरंक मी फार सुरेख काढायचो. 'नि'ची वेलांटी जरा लांब घ्यायची, 'क'चं शेपूट आखूड ठेवायचं.

ती दैनंदिनी त्याच संध्याकाळी जमा झाली. ही दुसरी. आठवतील ते रकाने, आठवतील त्या क्रमाने भरतोय. काही सुटतील.

रकाना ९. मतदान प्रतिनिधींनी घेतलेले आक्षेप

निरंक.

हे खरंच तसं आहे. आक्षेप कुणी घेतला नाही.

सकाळी साडेआठला एक मुलगी आली होती. नवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या. तिने चिठ्ठी पुढे केली. आवळ्यांनी नियमाप्रमाणे खणखणीत वाचलं, "तीनशे बारा, शेडगे तारामती हरिश्चंद्र, वय एक्केचाळीस."

मुलगी सव्वीसची असेल. फार तर सत्तावीसची. माणसाचं वय कुठे दिसतं हे चित्र काढणाऱ्याला सांगावं लागत नाही. ते हनुवटीखाली दिसतं आणि हाताच्या पाठीवर दिसतं. एक्केचाळीस म्हटल्यावर मुलीने दचकून वर पाहिलं, हेही मी पाहिलं.

मी प्रतिनिधींच्या बाकाकडे बघितलं. आक्षेप त्यांनी घ्यायचा असतो, त्यासाठीच ते बसलेले असतात. हरिश्चंद्र कौलं मोजत होता. ज्ञानूनानांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तंबाखूची पिशवी काढली आणि मी घड्याळात बघितलं. मुलीच्या बोटाला शाई लागली, मतपत्रिका पेटीत गेली.

मी एक शब्द बोलायचा होता. बोललो नाही. कुणी काही म्हणत नाही तर आपण कशाला, असं वाटलं.

रकाना १२. मतदाराची ओळख पटवण्यासाठी विचारलेले प्रश्न

दुपारी एकच्या सुमाराला ही दुसरी तारामती माझ्या टेबलापुढे उभी राहिली तेव्हा मला सकाळची मुलगी लख्ख आठवली.

"बाई, तुमच्या नावावर मत पडलंय."

"कुनी टाकलं?"

"ते नाही सांगता येत."

त्यांनी दोन्ही हात माझ्या टेबलावर पालथे ठेवले. दहाही बोटं पिवळीधमक. नखांच्या कडा तर गेरूसारख्या. "बघा. हाय का कुठं शाई? हळद शिजवायला गेले हुते, मालकाकडनं अर्ध्या दिसाची सुट्टी मागून आले. ही हळद चार दिस जात न्हाई, तुमची शाई जाईल व्हय?"

शाई नव्हती.

"राहता कुठे तुम्ही?"

"वड्याच्या पल्याड, खोपीत. अकरा वर्सं झाली."

"आणि त्याआधी?"

बाई पुन्हा बाकाकडे बघू लागल्या. "त्याआधी त्येंच्या घरात. मूल न्हाई झालं, दुसरी आनली. मग मी निगाले."

मी बाकाकडे वळलो. "शेडगे, या बाई कोण?"

हरिश्चंद्राने छातीवरचा पास सरळ केला. "म्हाईत न्हाई."

"म्हणजे?"

"गावात पुष्कळ बाया हायती साहेब. सगळ्या कुनाला म्हाईत असत्यात? माझी मंडळी सकाळीच मत देऊन गेली. तुमच्या डोळ्यांदेखत. तवा तुमी काय म्हनला न्हाई."

हे त्याने बरोबर धरलं होतं. मी ज्ञानूनानांकडे पाहिलं.

"मला इचारू नका," ते म्हणाले. "मी सुतार मानूस. समद्या घरांची दारं मलाच बसवाय लागत्यात."

बाहेरच्या रांगेत दहाएक बाया होत्या. त्यातल्या एकीनेही वर पाहिलं नाही. सगळ्या पायाच्या अंगठ्याने माती उकरत होत्या.

तारामतीबाई हरिश्चंद्राकडे बघत राहिल्या. रागाने नाही. विहिरीत पडलेलं भांडं दिसतंय का बघावं तशा. मग त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि आवळ्यांकडे वळल्या.

"लिवा. तारामती हरिश्चंद्र शेडगे."

आवळ्यांनी पेन उचललंच नाही.

"ऐकाय आलं न्हाई का? हरिश्चंद्र. हरिश्चंद्र गणपत शेडगे. आजून घेऊ?"

"अगं बया," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नसेल. बोलताना त्यांचा आवाज सरळ होता. हरिश्चंद्राचे कान लाल झाले.

"साहेब," बाई मला म्हणाल्या, "रेशनकार्डावर मी न्हाई. घरपट्टीच्या कागदावर न्हाई. सातबाऱ्यावर तर कदी नव्हतेच. ह्या एका यादीत मी हाय. दर निवडणुकीला येते, नाव वाचत्यात, हाय म्हनते, शाई लावून जाते. कोन निवडून आला मला खोपीत कळत बी न्हाई. आता ह्या यादीत बी मी न्हाई म्हनताय. मग मला सांगा, मी गेले कुठं?"

रकाना १३. केंद्रात परवानगीशिवाय आलेल्या व्यक्ती

तेव्हा लिहिलं : निरंक.

खरं : एक.

दारावरच्या पोलिसाला बाजूला सारून सकाळची मुलगी आत आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. नवऱ्याचं जेवण घेऊन आली होती. खोलीत हे सगळं असं थिजलेलं बघून ती दारातच थबकली.

हरिश्चंद्र ओरडला, "तारे, भाईर थांब!"

दोघींनी वळून पाहिलं.

एकाच हाकेला दोन माना, एकाच क्षणी. एक उघड्या डोक्याची, पांढऱ्या केसांची बट कानामागे गेलेली. दुसरी डोईवर पदर घेतलेली. मला वाटतं त्या गावात त्या दिवशी कुणी दिलेला सगळ्यात खरा जबाब तोच होता. तो देणाऱ्याला कळलंही नाही.

ज्ञानूनाना खाली बघत पुटपुटले, "हरिश्चंद्राच्या घरात तारामतीच पायजे म्हनून लग्नात हिचं नाव बदललं. दुसरी आनली, तिचं बी त्येच ठेवलं. नवं नाव पाठ करायचा कटाळा."

"नाना, गप बसा," हरिश्चंद्र म्हणाला.

"मी काय साहेबाला सांगतोय व्हय? मी तंबाखूला सांगतोय."

मुलगी हळूहळू टेबलाजवळ आली. तिने तारामतीबाईंचे हात पाहिले. मग आपल्या डाव्या हाताचं पहिलं बोट पाहिलं. त्यावरची शाई आता काळी पडली होती.

"साहेब, मी गोजरा. गोजरा धोंडी कदम, म्हायेरची. हितं तारामती म्हनत्यात. पर ती ही हाय." तिने मानेनेच दाखवलं. "सकाळी मला म्हनले चल, यादीत तुजं नाव आलंय. मला वाटलं आलं आसंल. ह्या साहेबांनी एक्केचाळीस वाचलं तवा कळलं. पर काय म्हनायच्या आत शाई लावली."

"गोजरे!" हरिश्चंद्र उभा राहिला.

"बगा, नाव म्हाईत हाय की त्येंना," गोजरा म्हणाली. मग बोट माझ्यापुढे धरून म्हणाली, "ही पुसून मिळंल का? हिला लावा."

"पुसत नाही ती," मी म्हणालो.

तारामतीबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तू गप ऱ्हा. तुला कुनी इचारलंय? भाकरी दे जा त्येंला. उपाशी आसत्याल, सकाळधरनं खोटं बोलून."

रांगेतल्या बाया हसल्या आणि हसू दाबण्यासाठी पदर तोंडाशी नेला. ज्ञानूनानांना तंबाखूचा ठसका लागला. हरिश्चंद्र खाली बसला. भाकरीचं गाठोडं गोजराने बाकाच्या कडेवर ठेवलं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

रकाना १६. प्रदत्त मतांची संख्या

नियम असा. कुणाच्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं असेल आणि खरा मतदार मागून आला, तर त्याला परत पाठवायचं नाही. त्याला वेगळी मतपत्रिका द्यायची. तिच्या पाठीवर केंद्राध्यक्षाने स्वतःच्या हाताने लिहायचं : प्रदत्त. मतदाराने शिक्का मारायचा, पण पेटीत टाकायची नाही. ती पाकिटात जाते.

आवळे माझ्या कानाशी आले. "सर, कशाला भानगड? बाईला समजवा आणि घालवा. निरंक जाऊ दे."

मी बाईंना सगळं समजावून सांगितलं. घालवायलाच सांगत होतो खरं तर. मला वाटत होतं, ऐकून त्या स्वतःच जातील.

"पेटीत न्हाई टाकायची?"

"नाही. पाकिटात."

"पाकीट मोजत्यात का?"

"नाही. कोर्टाने सांगितलं तरच उघडतात. सहसा उघडत नाहीत."

"मग द्यायचं कशाला?"

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत होतं ते म्हणालो, "नोंद होते."

"नोंद म्हंजे?"

"लिहिलं जातं. तारामती शेडगे आल्या होत्या, त्यांनी मत दिलं, असं."

"कुठं लिवत्यात?"

मी दैनंदिनी पुढे केली. सोळाव्या रकान्यावर बोट ठेवलं. तो मोकळा होता. बाईंनी तो मोकळा चौकोन नीट बघून घेतला.

"लिवा," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं : एक.

"काय लिवलं?"

"एक."

"म्हंजे मी?"

"हो, म्हणजे तुम्ही."

"वाचा बगू मोठ्यानं."

"प्रदत्त मतांची संख्या, एक."

"आजून एकदा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी बाकाकडे बघितलं, ऐकू गेलं का ते पाहायला.

मग सहीचा कागद. अंगठ्यासाठी मी शाईची डबी उघडली तर त्यांनी ती झाकली. साक्षरतेच्या वर्गाला त्या दोन महिने गेल्या होत्या. पेन मुठीत धरून, जीभ दातांत धरून, त्यांनी चार अक्षरं काढली. ता. रा. म. ती. 'म'ला दांडी द्यायची राहिली होती, ती मागाहून दिली.

"पुढचं?" मी विचारलं. "नवऱ्याचं नाव, आडनाव?"

"तेवढंच शिकले हुते. पुढचं शिकायचं ऱ्हायलं हुतं," बाई म्हणाल्या. "आता नगं."

पिवळ्या बोटाला शाई लागली. हळदीवर शाई हिरवट दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा मतपत्रिकेच्या घड्या इतक्या घातल्या होत्या की ती विड्याएवढी झाली होती. मी ती सहीच्या कागदासकट त्यांच्यासमोर पाकिटात घातली. पाकीट चिकटवलं.

जाताना त्यांनी पदर परत डोक्यावर घेतला. गोजरा दाराशी उभी होती. ती नवऱ्यासाठी थांबली नाही. त्यांच्या मागोमाग चार पावलं ठेवून गेली.

रकाना १९. मतदान शांततेत पार पडले काय?

होय.

रकाना २१. साहित्य जमा केल्याची वेळ

संध्याकाळी सात. तालुक्याच्या गावी, गोदामाच्या पटांगणात मांडवाखाली टेबलं मांडलेली. शंभर केंद्रांची शंभर पथकं, पेट्या, गोण्या, घाम. फाटकाबाहेर परतीच्या एसट्या उभ्या.

टेबलामागच्या गृहस्थाने दैनंदिनीवरून बोट फिरवलं. निरंक, निरंक, निरंक. बोट सोळाव्या रकान्यावर अडलं.

"एक?"

"हो. प्रदत्त."

"अरे देवा. म्हणजे आधी दुसरंच कुणी मत देऊन गेलं? कोण होती ती बाई, माहीत आहे?"

मला माहीत होतं. गोजरा धोंडी कदम.

"माहीत असेल तर अहवाल द्यावा लागेल. तोतया मतदार. पोलिसात जाईल प्रकरण. तिला उचलतील, तुम्हाला जबाबाला बोलावतील. प्रतिनिधी काय म्हणाले?"

"काही नाही."

"मग तुम्हीच कशाला म्हणताय?" त्याने खणातून एक कोरा नमुना काढून माझ्यापुढे सरकवला. "नवीन भरा. मतपत्रिका रद्द झाली म्हणून दाखवा, बेरीज जुळते. ते पाकीट फाडून टाका. बाहेर तुमची गाडी भरलीय."

मागून आवळे म्हणाले, "सर, गाडी हॉर्न देतीय."

मी गोजराचा विचार केला. पोलीस घरापाशी येतील. नवरा म्हणेल, मी कुठे सांगितलं होतं, हीच गेली. तिच्या बोटावर शाई आहे, पुसून मिळत नाही. एवढं खरं बोलली त्याची तिला शिक्षा होईल. हा विचार मी केला होता हे खरं आहे. मी गोजराला वाचवलं असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

गाडीचाही विचार केला होता. आधी कोणता केला, ते आठवत नाही. इतक्यांदा आठवून पाहिलंय की आता आठवणार नाही.

कोऱ्या नमुन्यावर मी सोळावा रकाना भरला. वेलांटी जरा लांब, शेपूट आखूड. घाईतसुद्धा अक्षर छान आलं होतं. टेबलामागचा गृहस्थ म्हणाला, "वा गुरुजी, काय अक्षर आहे!"

जुना नमुना त्याने माझ्यासमोर टराटरा फाडला.

"पाकीट?"

"टाकतो फाडून," मी म्हणालो.

रकाना २२. इतर उल्लेखनीय घटना

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या हायस्कुलात शिपाई आला. "पोतदार सर, दोन बाया आल्यात. उंबरटेकच्या."

मी चित्रकलेच्या खोलीत एकटाच होतो. दोघी आत आल्या. तारामतीबाई बाकाच्या कडेवर टेकल्या. गोजरा उभीच राहिली, भिंतीवरची पोरांची चित्रं बघत.

"वळखलं का?"

"ओळखलं," मी म्हणालो. "दोघी बरोबर कशा?"

"ही बी आता खोपीतच असती. हळदीला संगंच जातो. हाक मारायची बी पंचाईत न्हाई. मी तारामती, ही गोजरा."

गोजरा हसली. मग म्हणाली, "साहेब, यादी नवी झाली. ह्येंचं नाव काडलं. तीनशे बाराला आता तारामती हरिश्चंद्र शेडगे, वय सत्तावीस. म्हंजे मी. मी हापिसात जाऊन सांगितलं, माजं नाव गोजरा लिवा, हिचं हिला द्या. तर त्यो म्हनला, पुरावा काय?"

"रेशनकार्ड मागत्यात," तारामतीबाई म्हणाल्या. "घरपट्टी मागत्यात. म्हनलं ते आसतं तर यादी कशाला लागली असती? मग त्यो म्हनला, मागल्या खेपंला तुमी मत दिल्याचा काय कागुद आसंल तर आना. मी म्हनलं, हाय. पोतदार सायबांनी माज्यासमोर लिवलाय. तीनदा वाचून दावलाय."

खोलीत पोरांच्या रंगाचे डबे वाळत पडले होते. मी त्यांची झाकणं लावू लागलो.

"बाई, ते कागद ठेवत नाहीत," मी म्हणालो. "ठरावीक मुदत झाली की जाळून टाकतात. नियमच आहे."

हे खोटं नव्हतं.

"जाळलं?"

"हो."

"समदं?"

"सगळं."

गोजरा म्हणाली, "मग तुमी सोता हापिसात सांगितलं तर? तुमच्या तोंडानं?"

"तोंडी चालत नाही तिथे."

हे खोटं होतं. मी गेलो असतो, चार ओळी लिहून खाली सही केली असती, तर कदाचित चाललं असतं. पण मग कुणीतरी ती दैनंदिनी काढली असती आणि सोळाव्या रकान्यावर बोट ठेवून मला विचारलं असतं. तेव्हा मुख्याध्यापकपदासाठी यादी निघायची होती. त्या यादीत माझं नाव येणार होतं.

तारामतीबाई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. हात मांडीवर होते, हळद नव्हती, शाई तर कधीच गेली होती. मग त्यांनी एकदम वर पाहिलं.

"पर लिवलं तर हुतं न्हवं?"

मी झाकण लावत होतो ते डब्यावर बसेना.

"साहेब? जाळायच्या आदी लिवल्यालं हुतं न्हवं? एक?"

"हो," मी म्हणालो. "लिहिलं होतं."

"मग झालं." त्या गोजराकडे वळल्या, समजूत घालावी तशा. "जळालं तर जळालं. लिवल्यालं जळालं. न लिवल्यालं तर न्हाई."

आणि उठल्या. जाताना गोजराने रुमालात बांधलेली पाच-सहा हळकुंडं माझ्या टेबलावर ठेवली. "घरची न्हाई, मजुरीची हाय. पर चांगली हाय."

दोघी पटांगणातून फाटकाकडे जाताना मला खिडकीतून दिसत होत्या. आता मागे-पुढे नव्हत्या, बरोबरीने चालत होत्या. माझ्या मागे तीन पावलांवर लाकडी कपाट होतं. तळच्या खणात, जाड कागदांच्या गठ्ठ्याखाली, चिकटवलेलं पाकीट होतं. ते मी फाडलं नव्हतं. जमाही केलं नव्हतं. खडूच्या डब्यात घालून घरी आणलं होतं, घरी ठेवायची भीती वाटली म्हणून शाळेत आणलं होतं.

मी हाक मारली असती तर त्या थांबल्या असत्या. आता कुठली हाक मारायची हेही ठाऊक होतं.

रकाना १६. दुरुस्ती

आता मी निवृत्त आहे. त्या पदाच्या यादीतून मी मुख्याध्यापक झालो, निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली. पाकीट माझ्याकडे आहे. कडा तपकिरी झाल्या आहेत, डिंक अजून धरून आहे. मी ते उघडलेलं नाही. आत कोणावर शिक्का आहे, मला माहीत नाही. ते बघायचा अधिकार माझा नाही.

गेल्या महिन्यात उंबरटेकला गेलो होतो. ओढ्याच्या पलीकडे खोप नाही, पत्र्याची खोली आहे. गोजराबाई भेटल्या. केस पांढरे, हात पिवळे. तारामतीबाई जाऊन चार वर्षं झाली म्हणाल्या. यादीत नाव शेवटपर्यंत आलं नाही. दर निवडणुकीला मात्र शाळेपर्यंत जायच्या, रांगेच्या कडेला उभ्या राहायच्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, माझं झालंय, लिवल्यालं हाय.

मी पिशवीतून पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. टेबल, गाडी, निरंक, सगळं. गोजराबाईंनी पाकिटाला हात लावला नाही.

"मला नगं," त्या म्हणाल्या. "तुमी लिवलंय म्हनला हुता. आता लिवा."

म्हणून हे.

प्रदत्त मतांची संख्या : एक.

मतदाराचे नाव : तारामती.

मोठ्याने वाचलं. आणखी एकदा वाचलं. आणखी एकदा.